दुसऱ्याचा कोड वाचताना

आज जळगावात एका जिनिंगचं कापूस खरेदीचं जुनं सॉफ्टवेअर हातात आलं. सगळं सी भाषेत, कोड समजावणारी टीप, म्हणजे कॉमेंट, नावालाही नाही. ओलाव्यापोटी वजनातली घट नेमकी कुठे कापली जाते, ते शोधायचं होतं. ग्रेप, म्हणजे फायलींत शब्द शोधणारी कमांड, मारली, तर घटीचं नाव दिसेल ती प्रत्येक ओळ पुढ्यात. मग सीस्कोप लावलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जन्मलेलं, २००० पासून मुक्त स्रोत झालेलं हे कोड धुंडाळायचं साधन फंक्शनची (कोडमधल्या एकेका कामाच्या तुकड्याची) व्याख्या कुठे आणि त्याला बोलावतं कोण, हे वेगवेगळं दाखवतं. बोलावणाऱ्यांच्या त्या यादीमागे जात काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, कोडपर्यंत पोचलो. घट तिथे कापलेली, आणि पुन्हा बिलातही! म्हणजे शेतकऱ्याचे पैसे दोनदा जात होते.

कॉलेजात कोड लिहायला शिकवतात, वाचायला का नाही? फार वाटतं मला याचं.

दुरुस्ती उद्या काटा सुरू व्हायच्या आत बसवतोय.