एकाच खेपेचा राखीव तुकडा

ऊती-अभियांत्रिकीच्या एका प्रकल्पात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून अहवाल देते. डुकराच्या त्वचेतील पेशी डिटर्जंटने धुऊन काढायच्या, उरलेली कोलॅजेनची जाळी उंदराच्या कातडीखाली बसवायची आणि शरीर तिला कसे वागवते ते पाहायचे, असे ते काम आहे.

त्या दिवशी दोन आठवड्यांनी काढलेल्या दोन रोपणांच्या स्लाइड आल्या. दोन्हींत मॅक्रोफेजची, म्हणजे परके आणि टाकाऊ पदार्थ गिळणाऱ्या प्रतिकारपेशींची, इतकी दाटी होती, की बैठकीतल्या सर्जननी ‘दोन्ही नाकारली गेली’ असा निकाल देऊनही टाकला. मला तो घाईचा वाटला, कारण मॅक्रोफेज आलेच नाहीत तर जुनी जाळी विरून तिच्या जागी स्वतःची ऊती तयार होणार कशी? ते दाह वाढवणारे आहेत की दुरुस्ती करणारे, हे पाहायला हवे होते. म्हणून आणखी काप घेऊन सीडी ८६ आणि सीडी १६३ या पेशींवरच्या ओळखखुणांसाठी रंगवून घेतले. पहिल्या रोपणात दुरुस्तीकडे झुकलेल्या, सीडी १६३ दाखवणाऱ्या पेशींचे प्राबल्य होते, बारीक रक्तवाहिन्या कडेने आत शिरल्या होत्या आणि उंदराचे कोलॅजेन नेमके कुठून सुरू होते ते सांगता येत नव्हते. दुसऱ्यात दाहाकडे झुकलेल्या, सीडी ८६ दाखवणाऱ्या पेशींची सरशी होती, बहुकेंद्रकी महापेशी होत्या आणि भोवती जाड तंतुमय कोश होता.

रोपणात उंदराच्याही पेशी असल्याने तिथे धुऊनही उरलेली डुकराची पेशीकेंद्रके शोधण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्याच खेपेचा, न बसवलेला राखीव तुकडा मागवून डॅपीने, म्हणजे डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने, रंगवला. जाड मध्यभागात केंद्रके स्वच्छ चमकत होती. एक मिलिग्रॅम कोरड्या ऊतीत ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए हा रूढ निकष या खेपेने पार केला होता खरा, पण नमुना पातळ कडेचा घेतला होता! व्हिएन्नात अशाच अर्धवट धुतल्या गेलेल्या, डुकराच्या हृदयझडपा चार मुलांना बसवल्या होत्या आणि त्यांतली तिघे दगावली, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. त्यामुळे ही बाब किरकोळ मानायला मी तयार नव्हते.

चांगल्या स्लाइडच्या अहवालातही मी एक अट घातली. डुकराच्या ऊतींतील अल्फा-गॅल ही शर्करा उंदरातही असते, त्यामुळे त्याला ती परकी वाटत नाही. माणसात मात्र ती नसते आणि तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. जाळीत ती शर्करा किती उरली आहे ते तपासल्याखेरीज हा निष्कर्ष माणसाला लावू नये, असे लिहून मी सही केली.