तुर्कांची लिपी आणि आपली मोडी

९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल पाशांनी जाहीर केलं, की तुर्की भाषा यापुढं अरबी नव्हे, लॅटिन अक्षरांत लिहायची. १ नोव्हेंबरला कायदा झाला. जानेवारी १९२९ पासून जुन्या लिपीत पुस्तक छापायला बंदी! जाणकारांनी काही वर्षांची मुदत मागितली होती, पाशा थोड्या महिन्यांच्या वर थांबायला तयार नव्हते. स्वतः खडू घेऊन गावोगाव फळ्यापुढं उभे राहिले. कायसेरीतला तो फोटो आजही सगळीकडं दिसतो.

मी कोल्हापुरात लोकांचे मोडी कागद वाचून देतो. खिलाफत गेली, फेज टोपी गेली, बायकांना मताचा हक्क मिळाला, हे सगळं मोठंच आहे. पण तुर्कस्तानच्या इतिहासातलं लिपीचं पान मला जास्त जवळचं वाटतं.

परवा कागलकडचे एक शेतकरी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घड्यांवर फाटलेला कागद काढला. "काका, ह्यात आमच्या पणज्याचं नाव हाय का बघा की." मोडीत आधी ओळभर रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, शब्द कुठं तुटतो ते आपणच ताडायचं. तिसऱ्या ओळीत नाव लागलं. मी दाखवलं तिथं त्यांनी बोट ठेवलं. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

केमाल पाशांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तुर्कीत आठ स्वर, अरबी लिपीत ते नीट दाखवता येत नव्हते. १९२७ च्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारे शेकडा अकराच्या आतच होते. नव्या अक्षरांसाठी देशभर राष्ट्रशाळा उघडल्या, प्रौढ माणसं शिकायला बसली. शाहू महाराजांनी १९१७ साली जिथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथला माणूस याला नावं कशी ठेवील?

मला खटकते ती घाई. १९२७ मध्ये पाशांनी सहा दिवसांत मिळून छत्तीस तास भाषण केलं, स्वातंत्र्ययुद्धाची सगळी हकीकत सांगितली. ते छापलं गेलं जुन्या लिपीत. पुढं १९३२ पासून भाषेतले अरबी-फारसी शब्दही वेचून काढायला घेतले. आज तुर्की पोरांना आपल्याच राष्ट्रपित्याचं भाषण सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं.

आपल्याकडं असा तडकाफडकी बंदीचा घाव बसला नाही. छापखान्याला बाळबोध म्हणजे देवनागरी सोयीची पडली, हळूहळू शाळेतनं मोडी उठली, आणि दोन पिढ्यांत पेट्यांतले कागद मुके झाले.

ओढ मात्र दोन्हीकडं तीच. २०१८ साली तुर्की सरकारनं घराण्याच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्या, तर एवढी झुंबड उडाली की ती सेवाच बंद पडली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा आपल्याकडंही मोडी वाचणारे हुडकावे लागले.

सुट्टीत पोरांना मोडीच्या वर्गाला पाठवा. मुळाक्षरं लवकर येतात, जुनं हस्ताक्षर लागायला मात्र चिकाटी हवी. घरात असा कागद असेल तर झेरॉक्स काढून त्यावर सराव करा. आणि मूळ कागद कृपा करून लॅमिनेट करू नका.