नाईट संपली की मी आधी चौथ्या मजल्यावर जाते

गेल्या रविवारी भाची आली होती जेवायला. इंटर्नशिप संपत आलीये तिची, पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास चाललाय, आणि जेवण झाल्यावर हात धुता धुता तिनं विचारलं, आत्या, मी इमर्जन्सी मेडिसिन घेऊ का? माझ्या बॅचचे सगळे म्हणतायत वेडी आहेस का, रँक बरी आली तर रेडिओलॉजी घे नाहीतर डर्मा, म्हणजे त्वचारोग, निदान रात्री घरी झोपशील. दादा तिच्या मागे उभा राहून मला खुणावत होता, नाही म्हण म्हणून. मी नाहीपण म्हटलं नाही आणि होपण म्हटलं नाही. मग सोमवार मंगळवार बुधवार सलग तीन नाईट झाल्या आणि तिन्ही रात्री पहाटे चारच्या आसपास जरा गर्दी ओसरली की तिचा प्रश्न आठवायचा, आज ऑफ आहे तर लिहून काढते.

मी कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, आले तेव्हा ती कुणी करिअर करायची जागा नव्हतीच. सीएमओची, तिथल्या ड्यूटी डॉक्टरची, पोस्ट म्हणजे पीजीला नंबर लागेपर्यंत ढकलायचे दिवस. नुकती एमबीबीएस झालेली मुलं वर्ष दोन वर्षं काढायची आणि निघून जायची, आणि बाकी नाईट बीएएमएस बीएचएमएस डॉक्टरांच्या जिवावर चालायच्या, अजूनही पुण्यातल्या कितीतरी हॉस्पिटलमध्ये रात्री तेच असतात आणि त्यांचं कुणी नावही घेत नाही, हे मला मनापासून खटकतं. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे स्वतंत्र शाखा म्हणून मेडिकल कौन्सिलची मान्यता मिळाली तीच मुळी २००९ मध्ये. ससूनची इमारत १८६७ ची, बीजे मेडिकल कॉलेज १९४६ चं, त्यापुढे ही शाखा म्हणजे कालचं पोर. मी या शाखेत डीएनबीला, म्हणजे पीजीला, ॲडमिशन घेतली तेव्हा आई विचारायची, हे शिकून तू नक्की कसली डॉक्टर होणार गं, हृदयाची का मेंदूची? तेव्हा मला सांगता यायचं नाही.

आता सांगता येतं. पहिल्या दहा मिनिटांची.

परवाचंच बघ. रात्री सव्वाबाराला धायरीहून एक काका आले, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला आणि तोंडानं एकच, ॲसिडिटी झालीये, लग्नात जेवलो. छातीत दुखतंय म्हणून कुणी आत आलं की दहा मिनिटांत ईसीजीचा कागद हातात पाहिजे असा नियम आहे. सिस्टर लीड, म्हणजे ईसीजीच्या तारांची टोकं, लावायला गेली तर छातीवर केस आणि वर घाम, लीड चिकटेचना, एक लावली की आधीची सुटायची. तिनं काही न बोलता गॉजनं छाती पुसली, ट्रेमधला रेझर घेतला आणि जिथे लीड लावायच्या तेवढ्याच सहा जागांवरचे केस काढले, काका म्हणतायत अहो काय करताय आणि ती म्हणतेय काही नाही काका, एक मिनिट हलू नका. कागद बाहेर आला. समोरच्या लीडमध्ये एसटी, म्हणजे आलेखाचा एक भाग, अशी वर चढलेली की हार्ट ॲटॅक आहे यात शंकेला जागाच नाही. दारातून आत आल्यापासून हृदयाच्या बंद रक्तवाहिनीत बलून फुगेपर्यंत नव्वद मिनिटांच्या आत काम व्हायला हवं, म्हणून मी कॅथलॅबला, जिथे हे करतात तिथे, फोन करत होते, वॉर्डबॉय मामा ट्रॉली वळवत होते आणि सिस्टर गोळ्या चावायला देत होती, हे सगळं एकाच वेळी. काका वर कॅथलॅबमध्ये गेले. त्यांचा चष्मा काउंटरवर राहिला. मावशींनी गादी पुसली, चादर बदलली आणि त्याच ट्रॉलीवर दम्याचा ॲटॅक आलेली कॉलेजची मुलगी आली.

आणि काकांचं पुढे काय झालं? ते आपल्याला कुणी सांगत नाही. भाचीला जे सांगायचंय ते हेच. रक्त, नाईट, गर्दी हे सगळे सांगतात, तिनंही इंटर्नशिपमध्ये बघितलंय. पण या शाखेत तुला प्रत्येक गोष्टीची सुरुवातच बघायला मिळते. सर्जनला टाके काढायला पेशंट परत येतो, फिजिशियनचा पेशंट पंधरा दिवसांनी रिपोर्ट दाखवायला येतो, बालरोगवाल्यांकडे तर तीच मुलं मोठी होताना दिसतात. आपल्याकडे माणूस येतो, आपण त्याचा श्वास चालू ठेवतो आणि तो लिफ्टमधून वर जातो. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर यावं तर ट्रॉलीवर दुसरंच कुणीतरी.

सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं हे चांगलंच आहे, घरी काही घेऊन जायचं नाही. मग ती रात्र आली. पुरंदरकडचा एक शेतकरी, फवारणीचं औषध घेतलेला, १०८ ॲम्ब्युलन्सनं आणला. तोंडातून फेस, बुबुळं टाचणीएवढी, छाती पाण्यानं भरलेली. याला ॲट्रोपिन, या विषावरचा उतारा, द्यायचं, पाच मिनिटं थांबायचं, छाती कोरडी झाली नाही की डोस दुप्पट. आणि आपल्याकडे एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलीग्रॅम. म्हणजे आधी पाच फोडायच्या, मग दहा, मग वीस. दोन सिस्टर आणि एक ब्रदर ट्रॉलीच्या कडेला उभे राहून नुसते ॲम्प्यूल फोडत होते, कट कट कट असा आवाज, खाली फरशीवर काचा, ब्रदरचं बोट कापलं तर त्यानं वर चिकटपट्टी गुंडाळली आणि परत फोडायला लागला. फार्मसीतला स्टॉक संपत आला तेव्हा मामा शेजारच्या हॉस्पिटलमधून उसना घेऊन आले. मी श्वासनलिकेत ट्यूब टाकली, दर पाच मिनिटांनी स्टेथो लावत होते. पहाटे त्याला आयसीयूत दिला तेव्हा त्याची अवस्था बघून मी मनात ठरवूनच टाकलं होतं की हा काही राहत नाही.

पाच दिवस तो माझ्या डोक्यात गेलेलाच होता. पाच दिवस मी हिशेब करत होते, पहिला डोस अजून मोठा द्यायला हवा होता का, ट्यूब आधी टाकायला हवी होती का, जेवताना, गाडी चालवताना, मुलाचा अभ्यास घेताना. सहाव्या दिवशी लिफ्टपाशी एक बाई समोर आल्या, डोक्यावर पदर, हातात थर्मास, म्हणाल्या मॅडम, तुम्ही त्या रात्री होता ना? बसले ओ उठून, सकाळी चहा मागितला. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले, ड्यूटीच्या कपड्यांत, येणारे जाणारे बघत होते. माणूस जिवंत होता आणि मी पाच दिवस त्याचं सुतक पाळत होते, फक्त एवढ्यासाठी की मी वर जाऊन विचारलं नाही. त्या दिवसापासून नाईट संपली, सकाळी आठचा हॅंडओव्हर झाला की मी आधी चौथ्या मजल्यावर आयसीयूत जाते, मग घरी. माझ्या मते हे आमच्या ट्रेनिंगमध्येच असायला पाहिजे, रात्री वर पाठवलेल्या प्रत्येक पेशंटचं काय झालं ते सकाळी त्या टीमला कळलंच पाहिजे, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी सगळ्यांना. ज्यानं बोट कापून घेतलं त्याला कळायला नको?

१०८ वाल्यांचं तर आमच्याहून अवघड. २०१४ मध्ये ही सेवा आपल्या राज्यात सुरू झाली, गाडीत एक डॉक्टर आणि ड्रायव्हर, ज्याला ते पायलट म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी दुभंगते आणि ॲम्ब्युलन्स निघून जाते, तो व्हिडिओ दरवर्षी सगळे फॉरवर्ड करतात, पण आत मागे वाकून एका हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबणारा डॉक्टर कुणी बघितलेला नसतो. नवले पुलाच्या उतारावरून जखमी आणायचा, आमच्या दारात सोडायचा, सही घ्यायची, की पुढचा कॉल. त्यांच्यापैकी दोघातिघांचे नंबर माझ्याकडे आहेत, मी सकाळी मेसेज टाकते, पेशंट बरा आहे किंवा गेला. कुणी नुसता हात जोडलेला इमोजी पाठवतं. तेवढ्यासाठी मेसेज टाकावासा वाटतो.

नातेवाइकांविषयीपण सांगायला हवं कारण दादाची खरी भीती तीच आहे. हो, हात उचलतात. मी आधी जिथे होते तिथे ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या एका मुलाच्या नातेवाइकानं माझा हात पिरगाळला होता, दोन आठवडे पट्टा होता. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, डॉक्टर नर्सवर हल्ला केला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्याचा बोर्ड प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर असतो. त्या रात्री पण होता, बरोबर त्यांच्या डोक्यावर. आमच्या मॅनेजमेंटनं मला तक्रार करू नको म्हणून समजावलं, पेपरात नाव येईल म्हणून, आणि याचा राग अजून माझ्या मनात आहे, तो हात पिरगाळणाऱ्याचा राहिला नाही पण हा राहिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर पुण्यातले निवासी डॉक्टरसुद्धा संपावर गेले तेव्हा मला सगळ्यात आधी हाताचा तो पट्टा आठवला होता.

पण त्या रात्रीचं अजून एक खरं आहे. त्या मुलाला आत घेतल्यापासून चाळीस मिनिटं कुणीही बाहेर जाऊन त्यांच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. आम्ही आत सीपीआर देत होतो आणि बाहेर त्यांना फक्त बंद दार दिसत होतं. आता मी कितीही घाई असली तरी पहिल्या काही मिनिटांत एकाला बाहेर पाठवतेच, नुसतं एवढं सांगायला की आत चार जण प्रयत्न करतायत, तब्येत खूप गंभीर आहे. आणि वाईट बातमी स्वतः सांगते, बसून सांगते, उभ्यानं नाही. शब्दपण ठरवून वापरते. एकदा मी एका आईला म्हटलं, ते गेले, आणि त्या म्हणाल्या, कुठे नेलं, वर का? तेव्हापासून मी वारले म्हणते. आम्ही खूप प्रयत्न केले पण ते वारले. कठोर वाटतो शब्द पण त्यात दुसरा अर्थ निघत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा जानेवारी. सिंहगड रोडवर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन अंगातली ताकद जाणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, पेशंट वाढायला लागले तेव्हा आम्हाला पहिले काही दिवस नुसतं विचित्र वाटत होतं, एका आठवड्यात इतके कसे. आधी जुलाब, मग आठवड्याभरानं पायातली ताकद जायची. पाण्यातून पोटात गेलेला जंतू, कॅम्पिलोबॅक्टर, बऱ्याच जणांच्या तपासणीत सापडला. एक गॅरेजवाला मुलगा आला, विशीतला, भावाच्या खांद्यावर हात टाकून चालत. म्हणाला पायातून चप्पल निसटते आणि मला कळतच नाही. हातोडीनं गुडघ्यावर मारलं तर पाय हललाच नाही. यात भीती पायाची नसते, श्वासाची असते, आणि त्यासाठी एक फार साधी तपासणी आहे. खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात आकडे मोजायचे. मी म्हटलं मोज, मध्ये श्वास घेऊ नकोस. एकोणीसपर्यंत गेला. सॅच्युरेशन अगदी नॉर्मल, गप्पा मारत होता, भाऊ म्हणाला घरी नेऊ का. दीड तासानं परत मोजायला लावलं, बाराला थांबला. मी त्याला घरी पाठवला नाही, वर आयसीयूत बेड घेतला, आणि रात्री तीनला त्याला ट्यूब लागली.

नंतर तीन आठवडे व्हेंटिलेटर, गळ्याला भोक, इम्युनोग्लोब्युलिन या औषधाची एक एक बाटली हजारांत, भावानं कुणाकुणाकडून पैसे गोळा केले. मी रोज सकाळी वर जायचे. आधी फक्त डोळे हलायचे. मग एक दिवस अंगठा. फेब्रुवारी संपता संपता गळ्याची नळी काढली आणि नंतर एका सकाळी मी गेले तर फिजिओ त्याला खुर्चीत बसवत होती. मी म्हटलं मोज. आवाज घोगरा, पण मोजत गेला, वीस ओलांडले, मी श्वास रोखून उभी, अठ्ठावीसला थांबला. मी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, अठ्ठावीस. त्या रात्री ड्यूटीला असलेली सिस्टर आता डे शिफ्टला होती, तिनं औषधांचा ट्रे तसाच खाली ठेवला आणि मला मिठी मारली.

तर भाचे, उत्तर असं आहे की घे. पण माहीत असू दे, तुझी झोप कायमची बिघडणार, बारा तासांची नाईट आणि दिवाळीला घरी नसणं हे चालूच राहणार, तुझ्या बॅचमधले रेडिओवाले तुझ्याआधी फ्लॅट घेतील. वर बेड नसला की तुझ्याच ट्रॉलीवर पेशंट दहा दहा तास राहील आणि शिव्या तुला बसतील. अर्धांगवायूचा माणूस येईल, बायको सांगेल की रात्री साडेदहाला झोपले तेव्हा ठीक होते, सकाळी सहाला बघितलं तर हे असं, आणि तुला माहीत असेल की साडेचार तासांत द्यायचं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आता बहुतेक देता येणार नाही. जमेल तेवढं सगळं करशील आणि तरी त्या बाईच्या तोंडाकडे बघवणार नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आणि तरीही मला दुसरं कुठलंही काम नको आहे, तेव्हाही नको होतं.

शनिवारी माझी नाईट आहे, तुझ्यासाठी परवानगी काढून ठेवलीये, बघायला ये. साडेसातपर्यंत पोच, हॅंडओव्हर ऐकायचा असतो. डबा आईकडून दोघींचा आण, एकनंतर भूक लागते. दादाला सांग सकाळी न्यायला लगेच येऊ नकोस, साडेनऊला ये, आपल्याला आधी वर जायचंय. आणि पायात बूट घाल, सँडल नको, फरशीवर काचा असतात.