सोलानी नदीवरून जाणारा गंगेचा कालवा

सोलानीचा जलसेतू, म्हणजे नदीवरून कालवा नेणारा पूल, समजून घ्यायचा असेल, तर थेट रुडकीला न उतरता हरिद्वारपासून कालव्याच्या काठाकाठाने यावे, असे माझे मत झाले आहे. या तीसेक किलोमीटरांत शिवालिक डोंगरांतून येणारे चार प्रवाह गंगेच्या कालव्याला आडवे जातात, आणि कालव्याचे शिल्पकार प्रोबी कॉटली यांनी त्यांच्यासाठी तीन वेगळे उपाय योजले. रानीपूर आणि पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून पलीकडे जातात. धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्या पातळीवरच एका काठाने आत शिरते आणि समोरच्या काठावरील दरवाजांतून बाहेर पडते. रुडकीजवळ मात्र सोलानीचे खोरे इतके खोल उतरते की कालव्यालाच नदीवरून न्यावे लागले.

१८३७-३८ च्या दुष्काळाने दोआबाची, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या प्रदेशाची, दैना केली, त्यातून या कालव्याची निकड पटली. काम १८४२ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १८५४ मध्ये पाणी सोडण्यात आले. खोरे ओलांडण्यासाठी सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा मातीचा भराव घालावा लागला. त्याची माती वाहण्यासाठी डिसेंबर १८५१ मध्ये पिरान कलियरपासून रुडकीपर्यंत वाफेचे इंजिन धावले, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे या आपल्या अभिमानाच्या गाडीच्या सव्वा वर्ष आधी! अर्थात ती मातीची गाडी होती, प्रवाशांची नव्हे.

मी गेलो तेव्हा वाळूतून सोलानीची बारीक धार वाहत होती आणि तिच्या वरून काठोकाठ भरलेला कालवा संथपणे पुढे सरकत होता. जलसेतूचे बांधकाम ९२० फूट लांब असून प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या १५ कमानींवर ते उभे आहे. वर मधल्या भिंतीने विभागलेले दोन पाट आहेत. दोन्ही टोकांना बसलेल्या दगडी सिंहांपाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते, कमानींकडे मात्र फारसे कोणी उतरत नाही. माझ्या मते या कामातली खरी करामत त्याहूनही खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या पायात आहे.

नदीचे पात्र वाळूचे, त्यात पुराचे पाणी खांबांच्या बुडाशी वाळू उकरून नेणार, आणि वरचे ओझे तर बारमाही. पुलावरून वाहने येतात आणि जातात, पण इथे पाण्याचा भार दिवसरात्र तसाच राहतो. म्हणून खांबांखाली २० फूट लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच असे विटांचे ठोकळे पात्रात उतरवले गेले. प्रत्येक ठोकळ्यात चार विहिरी ठेवलेल्या होत्या. त्यांतून वाळू उपसत गेले की ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली बसत जाई. ही पद्धत बाहेरून आणलेली नव्हती. वाळूत विहिरी बांधणारे इथले कारागीर ती आधीपासून वापरत होते. तोफखान्यातून आलेल्या कॉटलींनी ती स्वीकारली, यात मला त्यांचा मोठा शहाणपणा दिसतो.

अशा कामासाठी शिकलेली माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीतच अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आजची आयआयटी ती हीच. पाहायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: दसऱ्याच्या सुमारास सफाई आणि दुरुस्तीसाठी कालवा काही दिवस बंद ठेवतात. भरलेला जलसेतू पाहायचा असेल तर ते दिवस टाळावेत, आणि पाटाचा तळ व आतले बांधकाम पाहायचे असेल तर नेमके तेव्हाच जावे.