सहा रकान्यांत न बसलेली पट्टी

रिपोर्ट टाइप होऊन सहीला आला होता, 'लॅम्बडा लाइट चेन मायलोमा'. मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर; त्या पेशी एकाच जातीची अँटिबॉडी (आयजी) बनवत सुटतात. अँटिबॉडीत जड साखळ्या, म्हणजे हेवी चेन (जी, ए, एम, डी किंवा ई), आणि हलक्या, म्हणजे लाइट चेन (कप्पा किंवा लॅम्बडा), जोडलेल्या असतात; काही पेशंटमध्ये नुसत्या लाइट चेनच बनतात. जेलवर दिसतही तसंच होतं. इम्युनोफिक्सेशन म्हणजे जेलवर प्रथिनं वेगळी करून, ठरावीक प्रथिन पकडणाऱ्या अँटिसेरमने ओळखायची तपासणी. तिचे रकाने सहा: पहिल्यात सगळी प्रथिनं, मग आयजीजी, आयजीए, आयजीएम, कप्पा, लॅम्बडा. तिन्ही हेवी चेनचे रकाने कोरे, पट्टी फक्त लॅम्बडात. मायलोमात निम्म्याच्या आसपास पेशंट आयजीजीचे, साधारण पाचवा हिस्सा आयजीएचा आणि त्याहून थोडे कमी नुसत्या लाइट चेनचे. त्यामुळे हेवी चेन दिसली नाही की 'लाइट चेन' लिहून मोकळं व्हायची सवयच लागते.

सही अडली ती एका बारीक गोष्टीवर. लॅम्बडाच्या रकान्यात पट्ट्या दोन होत्या. एक जेलच्या बीटा भागात ठळक, दुसरी शेजारच्या गॅमा भागाकडे सरकलेली, फिकट. लाइट चेन एकेकटी आणि आपसात जोडीने अशी दोन जागी दिसू शकते, म्हणून टेक्निशियनने दुसरी सोडून दिली. त्यात त्याचं फारसं चुकलं नाही. फक्त मोकळी लॅम्बडा ओळखणारं अँटिसेरम लावून तोच नमुना परत चालवला, तेव्हा ठळक पट्टी आली, फिकट आली नाही. म्हणजे फिकट पट्टीतली लॅम्बडा कुठल्या तरी हेवी चेनला जोडलेली आहे, आणि ती जी, ए, एम यांपैकी नाही.

उरले डी आणि ई. त्यांच्या अँटिसेरमच्या बाटल्या फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात असतात. वर्षात दोनचार वेळा लागतात, मुदत संपून वाया जातात, म्हणून मागवताना दर वेळी खर्चावरून वाद. यातली डीची बाटली तीन आठवड्यांत बाद होणार होती. नवीन जेल लावलं. डीच्या रकान्यात पट्टी उमटली, फिकट पट्टीच्या अगदी समोर. ई कोरा. आयजीडी लॅम्बडा. हे प्रथिन मुळात 1965 साली सापडलं ते मायलोमाच्याच एका पेशंटच्या रक्तात, आणि नेहमीच्या जेलवर त्याला अजून रकाना नाही.

मागे वळून पाहिलं तर कागदांत सगळं होतं. वय पन्नाशीच्या आत, एम-पीक (रक्तातल्या त्या एकाच प्रथिनाचा उंचवटा) जेमतेम 0.4 ग्रॅम, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढून 3.8, हिमोग्लोबिन 8.2. लघवीत बुडवायच्या कागदी पट्टीवर प्रोटीन 'ट्रेस' (नाममात्र), 24 तासांच्या लघवीत मात्र 4 ग्रॅम. ती कागदी पट्टी अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते, लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाही. हे शिकवलेलं सगळ्यांना असतं, तरी 'ट्रेस' वाचून फाइल पुढे सरकली आणि दोन महिने कंबरदुखीच्या गोळ्या चालू राहिल्या. लाइट चेनने आधीच बुजत चाललेल्या मूत्रपिंडावर त्या गोळ्या म्हणजे दुसरा घाव.

फोनवर हिमॅटॉलॉजिस्टचा पहिला प्रश्न: "पण औषधं तीच ना?" हो, तीच. औषधं ठरतात ती मूत्रपिंडं, वय, गुणसूत्रं बघून. पण उपचारानंतर फक्त फ्री (मोकळी) लाइट चेन मोजत राहिलं, तर ती खाली आल्यावर 'पट्टी गेली' असा रिपोर्ट जाईल आणि आयजीडी तिथेच बसलेलं असेल. फॉलोअपच्या प्रत्येक जेलवर डीचा रकाना हवा, हे रिपोर्टवर ठळक लिहिलं.

फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत 11 आणि 14 नंबरच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल निघाली. आयजीडीत ती बऱ्यापैकी भेटते. 17 नंबरच्या गुणसूत्रात तूट नाही, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) नॉर्मल. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन 9.4, म्हणून मायलोमाची स्टेज ठरवणाऱ्या जुन्या आयएसएस पद्धतीने स्टेज 3, सुधारित आर-आयएसएसने 2. हा आकडा मूत्रपिंड बिघडलं तरी चढतो, त्यामुळे त्या 3 मध्ये ट्यूमर किती आणि मूत्रपिंड किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता मागच्या तीन वर्षांत 'लॅम्बडा लाइट चेन' म्हणून सही झालेल्या जेलचे स्कॅन काढून बघतो आहे. चार ठिकाणी लॅम्बडाच्या रकान्यात दुसरी, फिकट पट्टी आहे. सीरम त्यांतल्या एकाचंच शिल्लक आहे.