ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवायला गेले आणि बॅटरी सेव्हर आडवा आला – माझा अनुभव

आपण कधी काय ऐकलं याची तारीखवार नोंद ज्यांना हवीय आणि ज्यांचा फोन अँड्रॉइड आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला हे सगळं एका जागी कुणी सांगितलं असतं तर बराच मनस्ताप वाचला असता. गाण्यांची अ‍ॅप्स वर्षाअखेरीला रंगीबेरंगी गोषवारा देतात, तो मला पुरत नाही. परवा रात्री लागलेला मारवा कुणाचा होता, गेल्या पावसाळ्यात मी काय ऐकत होते, हे मला बघायचं असतं. आणि उद्या अ‍ॅप बदललं तरी नोंद माझ्याकडेच राहिली पाहिजे.

त्यासाठी लास्ट डॉट एफएम ही साइट आहे. 2002 पासून चालू आहे, अकाउंट फुकट, ऐकलेलं गाणं तिथे नोंदलं जातं त्याला स्क्रॉबल होणं म्हणतात. स्पॉटिफाय वापरत असाल तर साइटच्या सेटिंग्जमधून एकदा जोडून टाका, फोनवर काही करायची गरजच नाही. बाकी अ‍ॅप्ससाठी फोनमध्ये एक मधलं अ‍ॅप लागतं. मी पानो स्क्रॉबलर घेतलं, नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस (म्हणजे फोनवरच्या सूचना वाचायची परवानगी) दिला, लॉगिन केलं, पहिलं गाणं लगेच दिसलं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग भोकं पडायला लागली. सकाळी घरी लावलेली गाणी नोंदलेली, ट्रेनमध्ये ऐकलेल्यांचा पत्ताच नाही, रात्री परत दोनचार. आधी वाटलं ट्रेनमध्ये रेंज नसते म्हणून असेल, पण नेट नसेल तेव्हा हे अ‍ॅप गाणी फोनमध्येच साठवतं आणि नेट आलं की पाठवतं (फक्त दोन आठवड्यांपेक्षा जुनी असतील तर साइट घेत नाही), म्हणजे रेंजचा दोष नव्हता. खरा प्रकार असा की फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली, की थोड्या वेळाने बॅटरी वाचवायला फोनच हे अ‍ॅप मारून टाकायचा. गाणं चालूच राहायचं, ते लिहून घेणारं अ‍ॅप मात्र बंद. आणि याची एक साधी सूचनासुद्धा यायची नाही! आपण दिवसभर निवांत ऐकत राहतो आणि संध्याकाळी बघतो तर दुपार कोरी.

फोन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर कॅशे क्लिअर करा, मग फोन अपडेट करा, मग फॅक्टरी रिसेट करा. मी तीनतीनदा सांगतेय की तुमचा बॅटरी सेव्हर एक अ‍ॅप बंद करतोय, ते थांबवायचं कसं एवढंच सांगा, तर पलीकडून परत कॅशे. मी पैसे देऊन घेतलेल्या फोनवर मी स्वतः परवानगी दिलेलं अ‍ॅप चालू ठेवायचं की नाही हे कंपनी कोण ठरवणार? याचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी उपाय सापडला तो एका नाही, चार जागी करावा लागतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या पानावर बॅटरी उघडून 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड'. मग 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं ते चालू, काही फोनमध्ये ते कंपनीच्या सिक्युरिटी अ‍ॅपमध्ये लपवलेलं असतं. मग रीसेंट अ‍ॅप्समध्ये जाऊन त्या अ‍ॅपला कुलूप लावायचं, म्हणजे 'क्लिअर ऑल' केलं तरी ते जात नाही. आणि चौथं, जे कुणीच सांगत नाही: अ‍ॅप एकदा मारलं गेलं की परत उघडल्यावर चालू दिसतं पण नोंद करतच नाही, तेव्हा नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस बंद करून पुन्हा चालू करायचा किंवा फोन रीस्टार्ट करायचा. हे चारही केल्यावर पूर्ण दिवस सलग नोंदला गेला तेव्हा मला खरंच फार बरं वाटलं, घरात सगळ्यांना स्क्रीन दाखवली. डोंट किल माय अ‍ॅप म्हणून एक साइट आहे, तिथे प्रत्येक कंपनीच्या फोनसाठी ही बटणं कुठे आहेत ते लिहिलंय, हेल्पलाइनच्या नादी लागण्याआधी तिथे जा.

हां, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ब्राउझरमधून एपीके (अ‍ॅपची फाइल) उतरवून टाकलीत तर अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस देताच येत नाही, मग अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' करावं लागतं.

कुठल्या अ‍ॅपमधलं नोंदायचं तेही सुरुवातीलाच निवडा, मी फक्त गाण्यांचं अ‍ॅप ठेवलंय, नाहीतर व्हिडिओवरच्या रेसिपी आणि बातम्यासुद्धा गाणी म्हणून बसतात.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. 30 सेकंदांपेक्षा मोठं गाणं अर्धं किंवा चार मिनिटं, जे आधी होईल तेवढं वाजलं की एक स्क्रॉबल. म्हणजे अर्ध्या तासाचा ख्याल आणि तीन मिनिटांचं भावगीत, दोन्हीची किंमत एकच. त्यामुळे माझ्या यादीत भावगीतं कायम वर आणि ख्याल खाली, जरी तास मोजले तर उलट निघेल. त्यात भीमसेन जोशी एकदा नुसते, एकदा पंडित लावून, एकदा देवनागरीत, असे तीन वेगळे गायक होतात. सिनेमाच्या गाण्यांत तर गायकाच्या जागी संगीतकार आणि दोन गायक सगळे एकाच ओळीत कोंबलेले. पानोमध्ये नाव एकदा दुरुस्त केलं की पुढच्या वेळी ते आपोआप तसंच जातं, तेवढं रविवारी बसून करा, पण पहिल्या महिन्यातच करा, नंतर ढीग होतो. आणि आपण आत्ता काय ऐकतोय हे लोकांना दिसू नये असं वाटत असेल तर साइटच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ते लपवता येतं. फोनचं मोठं अपडेट आलं की मात्र वरची चारही बटणं परत तपासा, माझी दोन आपोआप बंद झाली होती.