काळ्या मातीत घर आणि अडलेला रिपोर्ट: माझा अनुभव

परभणीत काळ्या मातीच्या प्लॉटवर घर बांधलं. नकाशा, परवानगी, कर्ज सगळं होत गेलं. राग आहे तो माती तपासणीच्या रिपोर्टचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर घर असलं की भिंतींना तिरक्या चिरा जातात, फरशी उचलते. म्हणून आमच्या इंजिनिअरनी रिपोर्टशिवाय पाया ठरवणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

मातीचे नमुने काढायला बोअर घेतले, नमुने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिले, पैसे भरले. मग सुरू झालं, "सोमवारी या." सोमवारी ओव्हन बंद. ओव्हन चालू झाला तर सही करणारे सर परीक्षेच्या ड्यूटीवर. पुढच्या खेपेला आमच्या पिशवीवरची चिठ्ठीच सापडेना. इकडे मृग तोंडावर आलेला. कंत्राटदार रोज म्हणे, "भाऊ, कशाला रिपोर्ट? पाच फूट खांदू, सोलिंग टाकू, चालू करू." मी ऐकलं नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

फुगवट्याची चाचणी कशी करतात हे कळल्यावर तर डोकंच फिरलं. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घ्यायची, 100 मिलीच्या दोन मोजनळ्यांत टाकायची. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. 24 तासांनी दोन्हींतला फरक वाचायचा. बाकीच्या चाचण्यांना वेळ लागतो हे मान्य, पण महिना उलटून जावा एवढा नाही! शेवटी विभागप्रमुखांना पावती क्रमांक घालून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तेव्हा कुठे कागद हलला. तुम्ही नमुने देतानाच पावतीवर चाचण्यांची नावं आणि रिपोर्टची तारीख लिहून घ्या.

फुगवटा 100 टक्क्यांच्या वर निघाला, म्हणजे पाण्यात माती दुपटीहून जास्त झाली. मग अंडर-रीम्ड पाइल ठरले: खाली कांद्यासारखा गड्डा असलेले काँक्रीटचे खांब, माती जिथे ऋतूनुसार हलत नाही तिथपर्यंत नेलेले. ते काम झटपट झालं. पाइलवरचा बीम मात्र जमिनीपासून किमान 80 मिलीमीटर वर हवा, नाहीतर फुगणारी माती त्यालाच खालून रेटते. ती पोकळी मजूर सवयीनं मातीनं भरतात. उभं राहून थांबवा.

फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरला, एकेक थर 15-20 सेंटीमीटरचा, पाणी मारून रोलर फिरवून. मुरूमही तपासून घ्या. चिकण निघाला तर तोही फुगतो.

आणि हो, नमुने जानेवारीतच द्या. मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि तिथल्या खिडकीवरच्या माणसाला ती कधीच नसते.